विकिपीडियावरील आलेख बंद पडले, तेव्हा निर्णय नेमका कोणी घ्यायचा होता?

लाल_दुवा

नमस्कार मंडळी. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. मी तिथे फार उशिरा, २०१२ च्या आसपास आलो. गावे, तालुके, धरणे यांवर लेख लिहिणे हा माझा छंद. जनगणनेचे आकडे नुसत्या तक्त्यात दिले की वाचक ते ओलांडून पुढे जातो, म्हणून काही लेखांत मी लोकसंख्येचे आलेख घातले होते. १८ एप्रिल २०२३ नंतर त्यांच्या जागी, तांत्रिक अडचणींमुळे आलेख उपलब्ध नाहीत अशा अर्थाची एक ओळ दिसू लागली. दोन-चार दिवसांत दुरुस्ती होईल असे समजून मी ते लेख तसेच ठेवले. पर्यायी सोय विकींवर पोहोचायला २०२५ उजाडले, आणि तीही जुने आलेख जसेच्या तसे परत आणत नाही; आकडे वेगळ्या पानावर मांडून प्रत्येक आलेख पुन्हा बांधावा लागतो.

माझी तक्रार आलेखांपुरती असती, तर मी ती मुकाट्याने गिळली असती. परंतु विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचे २०२२-२३ या वर्षाचे उत्पन्न १८ कोटी डॉलरच्या घरात होते, तिथे शेकडो पगारी कर्मचारी आहेत, शिवाय जगभरात फुकट काम करणारे तंत्रज्ञ आहेत, आणि तरीही एक साधा स्तंभालेख काढण्याची सोय परत यायला दोन वर्षे लागतात, याचा अर्थ काय लावायचा? ही अडचण तंत्राची आहे की कारभाराची? स्वयंसेवकांनी चालवलेल्या ज्ञानप्रकल्पात अमुक गोष्ट दुरुस्त झालीच पाहिजे असे कोणाला सांगता येते आणि ते ऐकण्याचे बंधन कोणावर असते, हे मला गेल्या बारा-तेरा वर्षांत समजलेले नाही. फाउंडेशनला शिव्या देऊन मोकळे होणारी उत्तरे मी पुष्कळ वाचली आहेत. ज्यांनी आतून काम केले आहे त्यांनी लिहावे, ही विनंती.

रात्रपाळी

आलेख बंद करण्याचा निर्णय योग्यच होता, हे आधी नोंदवतो. चूक झाली ती त्याच्या कितीतरी आधी.

ती सोय व्हेगा नावाच्या मुक्त स्रोत लायब्ररीवर उभी होती. संपादकाने लेखाच्या मजकुरातच आलेखाची व्याख्या लिहायची आणि वाचकाच्या ब्राउझरने ती चालवून चित्र काढायचे, अशी रचना होती. म्हणजे कोणीही अनोळखी माणूस लेख संपादित करून वाचकाच्या ब्राउझरला कामाला लावू शकत होता आणि मध्ये भिंत होती ती फक्त व्हेगाची. विकिपीडियावर ती भिंत मुख्यतः व्हेगाच्या दुसऱ्या आवृत्तीची राहिली; मूळ व्हेगा तोवर पाचव्या आवृत्तीपर्यंत पोहोचले होते. भिंतीला भगदाडे आहेत हे कळल्यावर दार बंद करण्यावाचून इलाज नव्हता, कारण त्या वाटेने प्रचालकाचे, म्हणजे विशेष अधिकार असलेल्या संपादकाचे, खाते ताब्यात गेले असते तर आलेखांपेक्षा पुष्कळ मोठे नुकसान झाले असते.

मग इतकी वर्षे ती भिंत कोणी का तपासली नाही? नकाशे आणि आलेख यांवर काम करणारा फाउंडेशनमधला छोटा गट २०१७ च्या सुमारास मोडला. गट गेला, सोय मात्र चालूच राहिली. विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्या मीडियाविकीच्या संकेतस्थळावर सॉफ्टवेअरचा कोणता भाग कोण सांभाळतो याचा एक लांबलचक तक्ता आहे, तो सवडीने वाचा. कित्येक ओळींत सांभाळणाऱ्याच्या रकान्यात कोणाचेच नाव सापडणार नाही. सातबाऱ्यावर कोणाचेच नाव नसलेल्या शेतासारखी ही अवस्था आहे: कसणारे शंभर, बांध घालणारा एकही नाही.

दुसरे उदाहरण आलेखांहून गंभीर आहे, पण वाचकाला दिसत नाही म्हणून त्याची चर्चा होत नाही. विकिडेटा म्हणजे सर्व विकींना पुरवल्या जाणाऱ्या माहितीचा सामाईक साठा; त्यावर प्रश्न विचारण्याची सेवा २०१५ साली सुरू झाली, ती ब्लेझग्राफ नावाच्या डेटाबेसवर. थोड्याच काळात ब्लेझग्राफ बांधणारी मंडळी ॲमेझॉनकडे गेली आणि त्या सॉफ्टवेअरची वाढ थांबली. विकिडेटा मात्र वाढतच राहिला. हे एक दिवस पेलणार नाही हे सर्वांना दिसत होते, तरीही पर्याय निवडणे वर्षानुवर्षे पुढे ढकलले गेले. शेवटी २०२५ मध्ये माहितीचे दोन तुकडे करून शास्त्रीय शोधनिबंधांच्या नोंदी वेगळ्या काढाव्या लागल्या. त्यामुळे श्वास घ्यायला जागा मिळाली, पण इंजिन बदलण्याचे काम उरलेच.

आपल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे, की पैसा नवी गोष्ट बांधायला मिळतो. बांधलेली गोष्ट सांभाळायला किंवा सन्मानाने बंद करायला तो मिळत नाही, कारण त्या कामाचे उद्घाटन होत नाही.

तोच_वाचक

मला हा सगळा गहजब थोडा अनाठायी वाटतो. मी विकिपीडियावर फक्त वाचतो. माझ्या गावी नेट दोन काड्यांवर असते आणि तिथेही लेख उघडतो, वीस वर्षांपूर्वी लिहिलेले पानसुद्धा नीट दिसते. आजूबाजूची बाकी संकेतस्थळे दर वर्षी कात टाकतात आणि दर वर्षी जड होतात. तुम्हाला जो साचलेपणा वाटतो, त्यातला काही भाग वाचकाच्या दृष्टीने शहाणपणाचाही असेल, एवढेच सुचवतो.

रात्रपाळी

हे मान्य आहे, आणि त्याची किंमतही सांगतो. जुन्या पानाचा मजकूर आजही तसाच दिसावा हे बंधन पाळायचे, तर मजकुराचे पानात रूपांतर करणारा भाग बदलणे अतिशय जिकिरीचे होते. पार्सॉइड नावाचा नवा भाग २०१२ च्या आसपास लिहायला घेतला, २०१९ मध्ये तो एका संगणकीय भाषेतून दुसरीत नेला आणि इतक्या वर्षांनंतर तो वाचकांसाठी एकेका विकीवर टप्प्याटप्प्याने सुरू होतो आहे. ही संथ गती मी साचलेपणात धरत नाही, कारण तिथे माणसे नेमलेली आहेत, मुदत हुकली तर जाब कोणाला विचारायचा ते ठाऊक आहे. आलेखांच्या बाबतीत विचारायलाच कोणी नव्हते.

चावडीवरचा_जुना

रात्रपाळी यांनी तंत्राची बाजू नीट मांडली आहे, पण त्यांचे उत्तर अर्धे आहे असे मला वाटते. सांभाळणारा माणूस नेमला की प्रश्न सुटतो, असा त्यांचा सूर आहे. नेमलेल्या माणसांनी झपाट्याने बदल केले तेव्हा काय झाले, हेही सांगायला हवे.

जुलै २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर दृश्य संपादक, म्हणजे पान जसे दिसते तसेच बदलण्याचे साधन, सर्वांसाठी सुरू केला गेला. तो कच्चा होता, पाने बिघडवत होता, आणि सप्टेंबरमध्ये तिथल्या समुदायाने तो पुन्हा ऐच्छिक करून घेतला. पुढच्याच वर्षी जर्मन विकिपीडियावर चित्रे दाखवण्याची नवी पद्धत आली. समुदायाने कौल घेऊन ती नको म्हटली आणि एका प्रचालकाने संकेतस्थळाच्या सामाईक स्क्रिप्टमध्ये बदल करून ती बंद केली. त्यावर फाउंडेशनने ऑगस्ट २०१४ मध्ये सुपरप्रोटेक्ट नावाचे नवे कुलूप तयार केले, जे निवडून आलेल्या प्रचालकांनाही उघडता येत नव्हते. ते कुलूप नोव्हेंबर २०१५ मध्ये काढले गेले. त्यातून निर्माण झालेला अविश्वास मात्र कोणी काढला नाही. त्या काळात चावडीवर, म्हणजे विकीच्या सार्वजनिक चर्चापानावर, आम्ही मराठीत दोन परिच्छेद लिहिले असतील-नसतील, पण धडा सर्वांनाच मिळाला. फाउंडेशनमधला माणूस तेव्हापासून मोठ्या विकीला हात लावताना दहादा विचार करतो, आणि समुदायातला माणूस प्रत्येक नव्या बटणाकडे संशयाने पाहतो. नाही म्हणण्याची ताकद दोघांकडेही आहे. हो म्हणून ते निभावण्याची जबाबदारी कोणाच्याच नावावर लिहिलेली नाही.

ही जबाबदारी लिहून काढण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे विकिमीडिया चळवळीची सनद. अनेक वर्षे मसुदे झाले, भाषांतरे झाली, आणि २०२४ च्या जून-जुलैमध्ये मतदान झाले. मत देणाऱ्या व्यक्तींपैकी सुमारे ७३ टक्के लोकांनी बाजूने मत दिले, संलग्न संस्थांमध्ये तो आकडा ९० टक्क्यांच्या वर होता, आणि विश्वस्त मंडळाने सनद मंजूर करण्यास नकार दिला. मंडळाची कारणे मी वाचली आहेत आणि ती सगळीच पोकळ नव्हती. प्रस्तावित जागतिक परिषदेला अधिकार मिळणार होते, पण खर्चाची आणि कामाची जोडणी मसुद्यात सैल होती. तरीही इतकी वर्षे खपलेल्या माणसांच्या मनावर त्याचा काय परिणाम झाला असेल, याचा विचार करा.

मधला मार्ग म्हणून २०१५ पासून समुदायाची इच्छायादी होती: लोकांनी मागण्या मांडायच्या, मत द्यायचे आणि वरच्या मोजक्या मागण्या एका छोट्या गटाने पुऱ्या करायच्या. कल्पना चांगली होती. पण मते मोजून रांग लावली की ज्या भाषेत दहा नियमित संपादक आहेत तिची निकडीची गरजही, ज्या भाषेत हजारो आहेत तिच्या किरकोळ सोयीच्या मागे उभी राहते. २०२४ मध्ये ही वार्षिक यादी बंद करून वर्षभर चालणारी नवी पद्धत आणली आहे. आपल्यासारख्यांचा तिच्यात कितपत निभाव लागतो, ते पाहायचे.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने घडली होती, तीही सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याने नुसतेच रडगाणे गायले असे व्हायचे. विकीवर थेट देवनागरीत टंकलेखन करता येते, ती सोय आकाशातून पडलेली नाही. एका मल्याळी विकिपीडियन स्वयंसेवकाने आपल्या विकीपुरते बांधलेले काम हे तिचे मूळ. त्यातून नारायम हे विस्तारक घडले. नारायम म्हणजे ताडपत्रावर लिहिण्याची लोखंडी लेखणी. २०११ पासून ते भारतीय भाषांच्या विकींवर आले आणि पुढे फाउंडेशनच्या भाषा-तंत्र गटाने ते आपल्या भाषा निवडकात सामावून घेतले. स्वयंसेवकाने बांधले, अनेक भाषांनी वापरून पाहिले, मग पगारी गटाने पत्करले. तिन्ही पायऱ्या झाल्या म्हणून ते आजही चालते. आलेखांच्या वाटेत पहिल्या दोन पायऱ्या झाल्या आणि तिसरीवरचा माणूस उतरून गेला.

विभागकार

वरची चर्चा सॅन फ्रान्सिस्कोतली, म्हणजे फाउंडेशनच्या दारातली आहे. मला साचे (अनेक लेखांत वापरायचे तयार मजकूर) आणि विभाग (त्यांमागचे छोटे प्रोग्रॅम) यांची, म्हणजे स्वयंपाकघरातली गोष्ट सांगायची आहे, कारण छोट्या विकीवर गाडी बहुधा इथेच अडते.

मार्च २०१३ मध्ये विकींवर लुआ भाषेत विभाग लिहिण्याची सोय आली. इंग्रजी विकीवर झपाट्याने विभाग लिहिले गेले आणि बाकीच्यांनी ते उचलून आणले. साचे आणि विभाग सर्व विकींना एकाच ठिकाणाहून पुरवावेत ही मागणी फार जुनी आहे. चित्रांसाठी कॉमन्स आहे, माहितीसाठी विकिडेटा आहे, पण लेखाच्या कडेला येणाऱ्या माहितीचौकटीसाठी आजही प्रत्येक भाषेने स्वतःची प्रत ठेवायची असते. प्रत काढली त्या दिवसापासून ती शिळी होऊ लागते.

काही वर्षांपूर्वीची एक रात्र सांगतो; चूक सर्वस्वी माझी होती, म्हणून विकीचे नाव घेत नाही. तळटिपांमधील संदर्भ ज्या विभागातून घडतात, त्याची नवी इंग्रजी आवृत्ती मी आणली. हा विभाग एकटा नसतो. त्याच्या उपपानांवर मांडणी असते, तारखा तपासण्याचे नियम असतात, ओळखक्रमांकांची यादी असते. मी मुख्य पान बदलले आणि मांडणीचे पान जुनेच राहिले. नव्या पानाने जुन्या पानाकडे जे मागितले ते तिथे नव्हतेच. काही मिनिटांत अलीकडील बदलांमधून सहज उघडलेल्या एका लेखाच्या तळाशी, जिथे चाळीस संदर्भ होते तिथे, लाल अक्षरांत चाळीस वेळा स्क्रिप्ट त्रुटी लिहिलेली दिसली. मी बदल उलटवला. तरीही लेख लालच, कारण हजारो पाने नव्याने घडवण्याची रांग सर्व्हरवर लागते आणि ती आपल्या घाईने पुढे सरकत नाही. पहाटेपर्यंत मी एकेक महत्त्वाचा लेख उघडून हाताने ताजा करत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पाने बरोबर आणली, तेव्हा वेगळीच मौज. तारखा तपासणाऱ्या नियमांना महिन्यांची नावे इंग्रजीत हवी होती आणि आकडे इंग्रजी वळणाचे (1, 2, 3) हवे होते. ‘५ एप्रिल २०१६’ अशी शुद्ध तारीख लिहिणाऱ्या संपादकाला विभाग तारीख चुकली म्हणून दटावत होता. महिन्यांचा आणि अंकांचा तक्ता उपपानावर भरला की हे थांबते, हे मला कळायला चार दिवस लागले, आणि पुढच्या वेळी कोणीतरी नवी इंग्रजी प्रत आणून तो तक्ता पुसून टाकायला चार मिनिटे लागतील.

आता कारभाराचा मुद्दा. ऑगस्ट २०१८ पासून संकेतस्थळाच्या सामाईक स्क्रिप्टला हात लावण्याचा अधिकार साध्या प्रचालकांकडून काढून, इंटरफेस प्रचालक अशा वेगळ्या हक्काखाली ठेवला आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण ज्या विकीवर असा एखादाच माणूस असतो, तो लग्नकार्यात किंवा परीक्षेत अडकला की उपकरणे त्याच्याबरोबर सुट्टीवर जातात. त्यात भर म्हणजे प्रचालकांच्या निष्क्रियतेचा जागतिक नियम दोन वर्षांचा आहे. दोन वर्षांत एक संपादन केले तरी माणूस सक्रिय ठरतो. नियमाप्रमाणे विकीला प्रचालक असतो, प्रत्यक्षात नसतो.

छोट्या विकीवर थोड्याच हातांत अधिकार राहिले की काय होऊ शकते, त्याचे टोकाचे उदाहरण क्रोएशियन विकिपीडियाचे आहे. तिथे एका गटाने दशकभर प्रचालकपद हाती ठेवून इतिहासाचे लेख वाकवले. फाउंडेशनने मागवलेला त्यावरचा अहवाल २०२१ मध्ये आला. आपल्याकडे तसे काही आहे असे मी मुळीच म्हणत नाही. आपला धोका कब्जा करणाऱ्यांचा नसून निघून जाणाऱ्यांचा आहे.

लाल_दुवा

सर्वांचे मनापासून आभार. एक उपप्रश्न राहतो. आपला मजकूर मुक्त परवान्याखाली आहे, सॉफ्टवेअर मुक्त आहे. मालक ऐकत नसेल तर बिऱ्हाड हलवता येते, असे तत्त्वतः म्हटले जाते. प्रत्यक्षात तसे कोणी केले आहे का?

चावडीवरचा_जुना

केले आहे, दोनदा तरी गाजावाजा होऊन. २००२ च्या फेब्रुवारीत स्पॅनिश विकिपीडियाचे बरेच संपादक, जाहिराती येतील या भीतीने, वेगळा ज्ञानकोश काढून बाहेर पडले. त्यानंतर काही काळ मूळ स्पॅनिश विकी थंड पडला होता. जाहिराती आल्या नाहीत, आणि त्या न येण्यात या फुटीच्या दहशतीचा वाटा होता असे मानणारे पुष्कळ आहेत.

दुसरे उदाहरण आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. विकिट्रॅव्हल हे प्रवासमाहितीचे विकी २००६ मध्ये इंटरनेट ब्रँड्स या कंपनीने विकत घेतले. जर्मन आणि मग इटालियन संपादक त्यानंतर विकिव्हॉयेज नावाने वेगळे झाले. इंग्रजीवाले राहिले, आणि जुनाट सॉफ्टवेअर व वाढत्या जाहिराती यांना कंटाळून २०१२ मध्ये तेही निघाले. कंपनीने दोन स्वयंसेवकांवर दावा ठोकला; तो पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला. १५ जानेवारी २०१३ रोजी विकिव्हॉयेज रीतसर विकिमीडियाचा प्रकल्प झाले.

यातली गंमत लक्षात घ्या. ते जुन्या सॉफ्टवेअरला कंटाळून निघाले आणि फाउंडेशनच्या छपराखाली आले, कारण सर्व्हर, सुरक्षा आणि वकील या तिन्हींची सोय दुसरीकडे नव्हती. आज तेही आपल्याच रांगेत उभे आहेत. मराठी विकिपीडियाने वेगळी चूल मांडली तर मजकूर येईल, पण कॉमन्सवरील चित्रांच्या आणि विकिडेटाच्या जोडण्या, शोधयंत्रांतले स्थान आणि रात्री दोनला सर्व्हर पडल्यावर जागा होणारा माणूस, हे काहीच बरोबर येणार नाही.

रात्रपाळी

बिऱ्हाड हलवण्यापेक्षा स्वस्त उपाय आधी करून पाहू या. मूळ तक्त्यातले रिकामे रकाने आपल्याला भरता येणार नाहीत, पण आपल्या विकीवरची गॅजेट्स (संपादकांनी जोडलेली छोटी उपकरणे), सामाईक स्क्रिप्ट आणि सर्वाधिक वापरले जाणारे विभाग यांची यादी करून प्रत्येकापुढे दोन नावे लिहिता येतील: एक सांभाळणारा आणि एक त्याच्या गैरहजेरीत पाहणारा. ज्याच्यापुढे वर्षभर एकही नाव येणार नाही ते गॅजेट, कौल घेऊन, बंद करावे. कोणाच्या तरी आवडीचे काहीतरी बंद पडेल आणि चावडीवर रणकंदन होईल, याची मला कल्पना आहे. आलेखांसारखे अचानक बंद पडण्यापेक्षा ते बरे. आणि इच्छायादीत मागण्या टाकायच्या तर सगळ्या भारतीय भाषांनी मिळून एकच टाकावी. सामाईक विभागांखेरीज दुसरी कोणतीही पुढे करू नये असे माझे मत आहे.

विभागकार

यादी सुरू केली आहे. सध्या ती माझ्या धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या कामाच्या पानावर आहे, चावडीवर नंतर हलवू. संदर्भांच्या विभागापुढे सांभाळणारा म्हणून माझे नाव लिहिले आहे. त्याखालची ओळ रिकामी आहे. मार्च ते जून मी कामानिमित्त जवळजवळ नसेनच, तेव्हा लुआ येत नसले तरी चालेल, पण कोणी मुख्य पान बदलले आणि मांडणीचे पान विसरले तर ते उलटवण्याइतके लक्ष ठेवणारा एक माणूस मला फेब्रुवारीअखेर हवा आहे.

लाल_दुवा

माझे नाव घाला. मला लुआ येत नाही, पण स्क्रिप्ट त्रुटीची लाल अक्षरे ओळखता येतात. कोणती उपपाने पाहायची त्यांचे दुवे तेवढे चर्चापानावर ठेवा.